गावच्या सामूहिक वाचनासाठी: झाम्यातिन की ब्रॅडबरी?

सोयाबीन निघाले की आमच्या वाचनालयात संध्याकाळचे सामूहिक वाचन सुरू होते. एक जण इंग्रजी पुस्तक वाचत मराठीत सांगतो, बाकीचे ऐकतात. यंदा ग्रंथबंदी आणि सभ्यतेचा ऱ्हास हा विषय ठरला असून दोन विज्ञानकादंबऱ्यांतून एक निवडायची आहे.

येवगेनी झाम्यातिन यांनी 'आम्ही' १९२०-२१ मध्ये रशियन भाषेत लिहिली. सोव्हिएत राजवटीने ती छापू दिली नाही. १९२४ मध्ये ती न्यूयॉर्कला इंग्रजी अनुवादात निघाली आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ साल उजाडले. झाम्यातिन यांनी १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली आणि १९३७ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. कादंबरीत माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरे काचेची आहेत आणि शेवटी कल्पनाशक्तीच शस्त्रक्रियेने काढून टाकली जाते. ही सभ्यता कोसळत नाही, गोठते, आणि ते मला अधिक भयंकर वाटते. मात्र सारी कथा एका अभियंत्याच्या तुटक नोंदींतून येते. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही, त्यामुळे धागा हमखास सुटेल.

रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मध्ये अग्निशामक दलच पुस्तके जाळते. पण दलाचा प्रमुख सांगतो की सुरुवात सरकारी हुकमाने झाली नव्हती. लोकांनीच आधी वाचन सोडले, पुस्तके आखूड करून मागितली, ज्याने कोणी दुखावेल ते गाळायला लावले. भिंतीएवढ्या पडद्यांपुढे दिवस घालवणारी नायकाची बायको मिल्ड्रेड आमच्या श्रोत्यांना परकी वाटणार नाही. शेवटी शहर बॉम्बहल्ल्यात बेचिराख होते, आणि गावाबाहेर भटकणारी माणसे एकेक ग्रंथ मुखोद्गत करून राखतात. रिद्धपूरच्या पंचक्रोशीत हा शेवट समजावून सांगावा लागणार नाही: 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्रात गेली आणि महानुभावांनी ते आठवणीतून पुन्हा उभे केले, ही परंपरा येथे घरोघरी ठाऊक आहे, आणि 'ग्रामगीते'च्या ओव्या पाठ असलेली म्हातारी माणसे तर समोरच बसलेली असतात.

म्हणून सामूहिक वाचनासाठी माझे मत ब्रॅडबरींना आहे. झाम्यातिन त्याने घ्यावा जो रात्री जागलीला एकटा बसतो आणि एकच पान दोनदा वाचायला कंटाळत नाही.

ब्रॅडबरींची प्रत घेताना मात्र आवृत्तीचे साल पाहावे. १९६७ पासून प्रकाशकाने शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत लेखकाला न विचारता सुमारे ७५ ठिकाणी फेरफार केले होते. पुढे ती काटछाट सर्वच प्रतींत शिरली. १९७९ मध्ये ब्रॅडबरींना हे कळले आणि त्यांच्या आग्रहावरून १९८० मध्ये मूळ पाठ परत आला. रद्दीतून किंवा जुन्या बाजारातून त्या काटछाटीची प्रत मिळाली, तर ती नव्या प्रतीशेजारी ठेवून काय काय गाळले होते तेही एका संध्याकाळी मोठ्याने वाचावे.