कुरव ओळखताना डोकं नको, पंख बघा

हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमागे जे पांढरे-राखाडी पक्षी गाठ्यांसाठी झेपावतात, त्यांना सगळे सरसकट ‘सीगल’ म्हणतात. (गाठ्या टाकू नका, ते त्यांचं अन्न नव्हे.) त्यांत मुख्यतः दोन जाती असतात: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव.

नावं फसवी आहेत. ‘काळ्या’चं डोकंही विणीच्या काळात खरं तर चॉकलेटी असतं. शिवाय थंडीत दोघांचीही डोकी पांढरी होतात, डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो.

म्हणून पक्षी उडू द्यावा. तपकिरीच्या पंखांची टोकं ठळक काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्याच्या पंखाची पुढची कड लांबवर पांढरीशुभ्र, काळा रंग फक्त टोकाच्या मागच्या कडेला. एकदा ही पांढरी कड दिसली की शंका उरत नाही. बसलेला असेल तर डोळा बघा: प्रौढ तपकिरीचा फिकट, त्यामुळे नजर जरा रागीट वाटते, काळ्याचा गडद, चेहरा भोळा. तपकिरी साधारण ४२ सेंमी, चोच जाड; काळा ३८च्या आसपास, पण एकटा असताना आकारावर भरवसा नको. पिल्लांचे डोळे दोन्हींत गडद, तिथे मीही अडखळतो.

मला तपकिरी जास्त आवडतो. लडाख-तिबेटच्या उंच तलावांकाठी जन्मून तो आपल्या किनाऱ्यावर येतो. काळा मात्र युरोप आणि उत्तर आशियात घरटी करतो.