काळी टीम स्काय की गुलाबी ईएफ?
सायकल शर्यतींतले हे दोन संघ. घाट लागला की टीम स्कायचे काळ्या जर्सीतले गडी ओळीने पुढे यायचे. एकाने दम संपेपर्यंत ओढायचं, बाजूला व्हायचं, की दुसरा हजर. वेगच इतका, की इतरांच्या पायांत हल्ल्यापुरती, म्हणजे एकदम पुढे सुटण्यापुरती, ताकद उरत नसे. 2012 ते 2018 या काळात सहा वेळा टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली मोठी शर्यत अशीच जिंकली. शिस्त अचाट, पण पाहताना जीव रमत नाही.

ईएफचा गुलाबी रंग घोळक्यात चटकन सापडतो. जिरो या इटलीतल्या शर्यतीत मात्र तो आघाडीवीराचा रंग, म्हणून कपडे बदलावे लागतात. 2020 मध्ये तर जर्सीवर चक्क बदक आलं! खेळही धीट: लवकर निसटायचं. ईएफच्या कारापाझने 2024च्या टूरमध्ये एक टप्पा आणि घाटांतल्या सर्वोत्तम स्वाराची ठिपक्यांची जर्सी मिळवली. मन इथेच ओढ घेतं.