मान्टू की इग्रा? एचआयव्हीसोबत सुप्त टीबी शोधताना

सुप्त टीबी म्हणजे जंतू अंगात आहेत, पण आजार झालेला नाही; तो शोधायच्या दोन चाचण्या म्हणजे मान्टू आणि इग्रा. मान्टूत हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन (टीबीच्या जंतूंपासून काढलेली प्रथिने) टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी आलेली गाठ मोजतात. एचआयव्ही असेल तर ५ मिलिमीटरचीही पॉझिटिव्ह धरतात. चाचणी स्वस्त, पण तुर्भ्याच्या एमआयडीसीत रोजंदारीवर असलेल्याला मोजणीसाठी आणखी एक खाडा पडतो. शिवाय बीसीजीच्या लसीमुळेही गाठ येऊ शकते.

इग्रात रक्त एकदाच देऊन मोकळे. रक्तातल्या टी पेशींना (या रोगप्रतिकारक पेशी) टीबीच्या जंतूची, बीसीजीत नसलेली प्रथिने (ईसॅट-६, सीएफपी-१०) दाखवतात आणि त्या किती इंटरफेरॉन गॅमा (पेशींचे संदेश पोचवणारे प्रथिन) सोडतात ते पाहतात.

खरी मेख पुढे आहे. दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत, पेशींची आठवण तपासतात. आणि एचआयव्ही त्यातल्या सीडी४ पेशीच (टी पेशींचाच एक प्रकार) संपवत जातो. सीडी४ फार घसरले की टीबीचा संसर्ग असूनही मान्टू निगेटिव्ह येऊ शकते. इग्राही चुकते, पण तिच्यात कंट्रोलचा नमुना असतो, म्हणजे पेशी मुळात प्रतिसाद देऊ शकतात का ते तपासणारा. पेशी त्यालाही प्रतिसाद देत नसतील तर निकाल 'अनिर्णित' येतो. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

तरी वाशीत किंवा ठाण्यात खासगी लॅबला पैसे मोजण्याआधी एआरटी केंद्रात (एचआयव्हीवर औषधोपचार करणाऱ्या केंद्रात) विचारा. सक्रिय टीबी नाही याची खात्री झाली, की एचआयव्ही असलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या या चाचण्यांविनाही सुरू करता येतात.