हायपोचा पाच लिटरचा कॅन: दातांची मापं डिसइन्फेक्ट करायला किती कामाचा?

डेंटल डेपोत (दातांच्या सामानाच्या दुकानात) मापांसाठी, म्हणजे तोंडातून घेतलेल्या दातांच्या ठशांसाठी, डिसइन्फेक्टंट मागितलं की दुकानदार आधी रेडीमेड स्प्रे पुढे करतो. सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे हायपोचा, पाच लिटरचा कॅन आतल्या बाजूला असतो आणि तो फरशी पुसायला, असा समज असतो. रोज अल्जिनेटची (पाण्यात कालवली की जेलसारखी घट्ट होणाऱ्या पावडरची) मापं घेणाऱ्या दवाखान्याने कॅनच घ्यावा. स्प्रेचे वाचलेले पैसे झिपच्या पिशव्या, मेझरिंग सिलिंडर आणि क्लोरीन मोजायच्या पट्ट्यांवर घालावेत.

कॅन घेताना किमतीआधी तारीख बघा. हायपो ठेवल्या जागी मरतं, आणि उन्हाने जास्तच लवकर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली राहिलेल्या कॅनवर पाच टक्के छापलेलं असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं. टोपण उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर परत करा. वास आला म्हणजे ताकद पुरेशी आहे असं मात्र नाही. सुगंधी किंवा रंगीत घरगुती ब्लीच मापांसाठी नको.

लागतं 0.5 टक्क्याचं. पाच टक्क्यांचं असेल तर 100 मिली हायपो आणि 900 मिली गार पाणी. बऱ्याच कॅनवर चार टक्के लिहिलेलं असतं, तिथे 125 मिलीला 875 मिली पाणी. 'एक टोपण घाला' हा हिशोब इथे चालत नाही. द्रावण रोज सकाळी नवं करायचं, संध्याकाळी उरलेलं ओतून टाकायचं. पारदर्शक पाण्याच्या बाटलीत भरणं दुहेरी चूक: उजेडाने क्लोरीन उडतो आणि कुणीतरी ते पाणी समजून पितं.

द्रावण बरोबर झालं का, हे बघायला 200 पीपीएमपर्यंतची (दहा लाख भागांत 200 भाग) क्लोरीनची पट्टी पुरते. 0.5 टक्के म्हणजे 5000 पीपीएम, म्हणून थेट बुडवली तर पट्टी काहीच सांगणार नाही. तयार द्रावणातलं 2 मिली घ्या, 98 मिली पाण्यात मिसळा आणि त्यात बुडवा. रंग 100 च्या खुणेजवळ यायला हवा. 50-60 वरच अडला तर कॅन शिळा आहे.

आता खरं काम. ट्रे, म्हणजे माप ज्यात घेतलं ते भांडं, तोंडातून काढल्यावर आधी नळाखाली अर्धा मिनिट धुवायचा. रक्त-लाळ राहिली तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. आपल्याकडे मिश्री लावणारे पेशंट कमी नाहीत. त्यांच्या मापावर दाट लाळेत काळे कण चिकटून बसतात आणि नुसत्या पाण्याने निघत नाहीत. चिमूटभर स्टोन पावडर (मापात ओतायचं जिप्सम) भुरभुरून मऊ ब्रशने हलकेच फिरवा, पावडर लाळेला धरून निघून येते. मग पाणी झटका. एअर सिरिंजने कोरडं करू नका, अल्जिनेट तिथेच आकसायला लागतं.

त्यानंतर माप द्रावणात एकदा पूर्ण बुडवून काढा, द्रावणात भिजवलेल्या टिश्यूत गुंडाळा, झिपच्या पिशवीत 10 मिनिटं बंद ठेवा, परत धुवा, झटका, लगेच त्यात स्टोन ओता. दुसऱ्यांदा धुणं टाळलं तर कास्टचा, म्हणजे ओतून बनलेल्या दातांच्या प्रतिकृतीचा, पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो आणि दोष बिचाऱ्या स्टोनला मिळतो. माप बादलीत टाकून विसरलं तर अल्जिनेट पाणी पिऊन फुगतं. कास्ट दिसायला झकास येतो, पार्शल (काही दातांपुरती कवळी) मात्र तोंडात बसत नाही.

स्प्रेचं कौतुक सोयीपुरतं: मोजमाप नाही, ताकद ठरलेली. पण फवारा टाळूच्या खोलगट भागात साचतो आणि दातांच्या अंडरकटमध्ये, म्हणजे फुगवट्याखालच्या खाचेत, पोचतच नाही. फवारून ट्रे उघडा टेबलावर ठेवण्याची पद्धत तर कामाचीच नाही. पृष्ठभाग लेबलवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओला राहायला हवा, म्हणजे पिशवी इथेही लागतेच. कॅनमधलं हायपो साध्या स्प्रे बाटलीत भरायचा विचार असेल, तर आतली धातूची स्प्रिंग गंजते आणि नोझलवर पांढरी खपली धरते.

कॅन प्रत्येक मापाला चालत नाही. ॲडिशन सिलिकॉनचं, म्हणजे पुट्टी-लाइट बॉडीचं, माप बुडवून ठेवलं तरी बिघडत नाही. पॉलिइथर हे मापाचं दुसरं रबरी साहित्य पाणी शोषतं, तिथे 10 मिनिटांच्या वर जाऊ नका. कवळीसाठीच्या झिंक ऑक्साइड युजेनॉल पेस्टला क्लोरीन मानवत नाही. तिच्यासाठी 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड किंवा आयोडोफोर (आयोडीनचं जंतुनाशक) लागतं. सायडेक्ससारखं ग्लुटाराल्डिहाइड ॲक्टिव्हेट केल्यावर 14 दिवस चालतं, म्हणून तारीख डब्यावर मार्करने लिहा. डब्याला झाकण हवं, हातात नायट्राइल ग्लोव्हज आणि खिडकी उघडी. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला लागते.

ट्रेचंही बघायला हवं. स्टीलचा ट्रे 10 मिनिटं सहज सोसतो, पण रात्रभर हायपोत राहिला तर त्यावर ठिपके पडतात. ॲल्युमिनियमचा तर त्याहून लवकर खराब होतो.

गडहिंग्लज, गारगोटीकडून कोल्हापूरच्या लॅबला एसटीने पार्सल येतं, तिथे आणखी एक घोळ असतो. दवाखान्याने डिसइन्फेक्ट केलेलं माप लॅबवाले खात्री नाही म्हणून पुन्हा बुडवतात. सिलिकॉनला फरक पडत नाही, अल्जिनेटचा मात्र निकाल लागतो. तसंही साधं अल्जिनेट दोन तासांच्या प्रवासाला पाठवूच नये, दवाखान्यातच ओतून कास्ट पाठवावा. माप पाठवायचंच असेल तर स्लिपवर 'हायपो 0.5, 10 मिनिटं, धुतलं' एवढं लिहा. स्लिप पिशवीच्या बाहेर लावा. आत टाकली की शाई पसरते आणि ट्रेवर कुणाचं नाव आहे तेच कळत नाही.

कॅनबद्दल तक्रारी दोनच. तोंड एवढं मोठं, की 100 मिली ओतताना हमखास सांडतं आणि ॲप्रनवर कायमचे पांढरे डाग पडतात, म्हणून नरसाळं जवळ ठेवा. आणि तो टॉयलेट क्लीनरच्या बाटलीशेजारी ठेवू नका. ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि एका खोलीच्या दवाखान्यात तो जाणार कुठे?