अँड्रॉइड सोडून आयफोन घेताय? कॅमेऱ्याआधी सिम बघा

गोखले रोड असो की वाशी, दुकानात आधी कॅमेरा दाखवतात आणि मग महिन्याचा हप्ता सांगतात. अँड्रॉइडवरून येणाऱ्याचं घोडं पेंड खातं ते मात्र सिम, ओटीपी आणि यूपीआयपाशी.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये कार्ड एकच बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच असणाऱ्या सिमवर. दोन कार्डं घालून फिरत असाल तर एक नंबर ई-सिम करावा लागणार. काम मोठं नाही, पण सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपी नाही. म्हणून बँकेचा नंबर कार्डावरच ठेवा आणि दुसरा ई-सिम करा. याला आणखी एक कारण आहे. ठाणे स्टेशनच्या गर्दीत फोन पडून बंद झाला, तर कार्ड काढून घरातल्या जुन्या हँडसेटमध्ये घालता येतं. ई-सिम तसं काढून घालता येत नाही.

आता यूपीआय. नोंदणीचा एसएमएस आयफोन आपोआप पाठवत नाही. मेसेज तयार होऊन समोर येतो, त्यातलं एक अक्षरही न बदलता तो आपणच पाठवायचा. दोन नंबर असतील तर तो भलत्याच नंबरवरून जाऊ शकतो आणि मग नोंदणी फसते. त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये बँकेचा नंबर डिफॉल्ट करा. नोंदणी झाल्यावरही ५,००० रुपयांची मर्यादा राहते, अँड्रॉइडवर २४ तास आणि आयफोनवर ७२ तास. भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स आणि शाळेची फी ज्या आठवड्यात भरायची, त्या आठवड्यात फोन बदलू नका.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत बहुतेकांचा एक गैरसमज असतो, की गूगल ड्राइव्हवर बॅकअप आहे म्हणजे झालं. तो बॅकअप आयफोनला उघडता येत नाही. चॅट न्यायचे तर जुन्या फोनवर ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागतं, नंबर तोच लागतो आणि आयफोन कोरा लागतो. दुकानदाराने ‘मी चालू करून देतो’ म्हणून सेटअप संपवला असेल तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. सेटअपमध्ये ‘अँड्रॉइडवरून आणा’ हा पर्याय घेतला की आयफोनवर कोड दिसतो, तो जुन्या फोनमध्ये टाका आणि यादीतून व्हॉट्सॲप निवडा. दोन्ही फोन चार्जरला लावून ठेवा. मधे कॉल आला किंवा दुसरं ॲप उघडलं की हस्तांतर तुटतं, तेव्हा मोबाइल डेटा आणि ‘वायफाय कमजोर झालं की नेटवर्क बदला’ ही सेटिंग आधीच बंद करा. व्हॉट्सॲपने किती जागा व्यापली आहे तेही पाहून घ्या. १२८ जीबीच्या नव्या फोनमध्ये ६० जीबीचे ‘गुड मॉर्निंग’ नेण्यात अर्थ नाही.

फोटो, संपर्क आणि एसएमएस याच वाटेने येतात. पीडीएफ येत नाहीत. आधार, वीजबिल, सोसायटीच्या पावत्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून असतात, त्या हाताने ड्राइव्हवर चढवा. प्ले स्टोअरवर पैसे देऊन घेतलेली ॲप पुन्हा विकत घ्यावी लागतात. फुकटची ऑनलाइन जागाही आक्रसते: गूगल १५ जीबी देतं, ॲपलचं आयक्लाउड ५ जीबी.

मराठी टायपिंगबद्दल दुसऱ्याचं ऐकू नका. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०२३ पासून ॲपलचं स्वतःचं दुकान आहे. तिथे ठेवलेल्या फोनवर मराठी कीबोर्ड लावून ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘ज्ञानेश्वरी’ लिहून पाहा. बोटं अडखळली तर रोज अडखळणार.

पावसाळ्याचं एक सांगायला हवं. आयफोन १५ पासून टाइप-सी पोर्ट आहे, त्यामुळे घरातल्या केबल चालतात. पण भिजलेल्या पोर्टमध्ये केबल घातली की ओलाव्याचा इशारा येतो आणि चार्जिंग थांबतं. फोन बिघडलेला नसतो. पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि वारा लागेल अशा जागी अर्धा तास ठेवा. पूर्ण सुकायला २४ तासही लागू शकतात. तांदळात पुरू नका, पिठूर कण आत जातात. पाण्याने झालेलं नुकसान मात्र वॉरंटीत बसत नाही, जाहिरातीत फोन कितीही पाण्यात बुडवलेला दाखवू देत.

दोन्ही नंबर धंद्याचे, सिम सारखं बदलावं लागतं, फायली पेनड्राइव्हसारख्या हाताळायची सवय, असं असेल तर अँड्रॉइड सोडू नये. एकच मुख्य नंबर असेल आणि फोन पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर बदलाचा त्रास परवडतो.

एक्स्चेंजची ऑफर घेताना सावध राहा. ऑनलाइन ऑर्डरला डिलिव्हरीवाला दारातच जुना फोन उचलतो, मग चॅट कुठून आणणार? निदान आठवडाभर जुना फोन हाताशी ठेवा आणि मग वेगळा विका. विकताना रीसेटच्या आधी गूगल खातं काढा, नाहीतर घेणाऱ्याचा फोन कुलूपबंद राहू शकतो आणि तो तुमच्याच दारात परत येईल.