काम चांगलं, पहारा नको : हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीबद्दल

पगार वेळेवर होतो, टीममधली पोरं सोन्यासारखी. तरीही इथे येण्याआधी दहादा विचार करा.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये याच टीमने घरून पेमेंट मॉड्यूल वेळेत लाइव्ह केलं. आता पाचही दिवस ऑफिस, कार्ड स्वाइपचे नऊ तास भरलेच पाहिजेत. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला वेळ तुमचा. वर जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक तिकिटावर (म्हणजे नोंदवलेल्या कामावर) दर दोन तासांनी अपडेट. टीम्स या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला की मॅनेजरचा मेसेज, ‘कुठे आहात?’ कीबोर्ड-माउसला पाच मिनिटं हात लागला नाही की तो पिवळा होतोच, मग तुम्ही व्हाइटबोर्डवर डिझाइन काढत असलात तरी. अवघड बगचा धागा हाती येत असतो, तेवढ्यात तो मेसेज. पुन्हा पहिल्यापासून.

आमच्यातल्या सर्वांत अनुभवी ताई मुलीसाठी तासभर लवकर निघायचं म्हणत होत्या, रात्री लॉगइन करायची तयारी होती. नकार मिळाला, त्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, कुणी स्वतःहून काही सुचवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

फ्रेशरला शिकायला मिळेल. घरी लहान मूल किंवा म्हातारे आईवडील असतील, तर वेळेची सवलत ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. पाचपैकी दोन तारे.