थेरपीचं पहिलं सेशन क्लिनिकमध्ये की व्हिडिओ कॉलवर?

मी दोन्ही केलंय म्हणून सांगते. आधी नौपाड्यात क्लिनिकमध्ये जायचे, मग घोडबंदरला राहायला आलो आणि दुसऱ्या मॅडमकडे ऑनलाइन सुरू केलं.

क्लिनिकमध्ये पहिल्याच दिवशी मला रडू फुटलं, मॅडमनी काही विचारलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसून राहिल्या, मग म्हणाल्या आज सगळं सांगायलाच हवं असं नाही, झोप कशी लागते तेवढं सांगा. ती शांतता स्क्रीनवर नाही मिळत, तिथे दोन सेकंद कोणी बोललं नाही की वाटतं नेट गेलं. फक्त तिथवर पोचायचं म्हणजे हिंमत लागते, मी दोनदा जिन्यावरून परत आले होते.

ऑनलाइनवाल्या मॅडमनी आधी दहा मिनिटं साध्या फोनवर बोलून घेतलं. घरात कोण असतं, दार बंद करता येतं का, कॉल तुटला तर मी फोन करू का. वन बीएचकेत सासूबाई बाहेरच्या खोलीत, म्हणून शेवटी पार्किंगमध्ये गाडीत बसून हेडफोन लावून बोलले, आणि तेही चाललं त्यांना.

गुप्ततेचं दोघींनी पहिल्यांदाच क्लिअर केलं, जिवाला धोका असेल तरच दुसऱ्याला सांगणार, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हा आपला हक्कच आहे.

माझं मत, जमत असेल तर पहिली दोन-तीन सेशन समोरासमोर करा, नंतर ऑनलाइन. आणि दोन्ही जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.